नऊ मिनिटांचा व्हिडिओ

फिलिपिन्समधल्या जनरल सांतोस शहरातल्या ट्यूना माशांच्या कारखान्यातल्या बायकांना कामावर नेणारी व्हॅन मी चालवते. आज स्वतःची मोटार बंद पडली म्हणून मॅनेजर रामिलसरही आमच्यातच बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी मागच्या सीटवरूनच सगळ्या ड्रायव्हरांना मेसेज टाकला: "सुरक्षेचा नवा व्हिडिओ आत्ताच्या आत्ता बघा आणि 'पाहिला' म्हणून कळवा. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

असाच एक मेसेज गाडी चालवताना उघडला, म्हणून गेल्या महिन्यात ह्याच सरांनी आमच्या नेस्टर ड्रायव्हरला काढून टाकलं होतं. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. व्हॅन कडेला घेतली, किल्ली काढली आणि व्हिडिओ लावला.

"पेर्लाताई, हे काय? चालवता चालवता ऐका की!"

"चाक फिरत असताना फोनला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच ना, सर? नऊच मिनिटं लागतील."

"अहो, तपासणीवाले गेटवर येऊन उभे आहेत! मी सांगतोय ना, काढा गाडी!"

मी फोनचा आवाज होता तेवढा वाढवला.

 

व्हिडिओतले रामिलसर छान हसून म्हणाले, "आणि हो, घाई करा असं उद्या खुद्द मी जरी सांगितलं, तरी माझं अजिबात ऐकायचं नाही!"