आबाळ

"काय सांगू कुसुम, फार आबाळ झाली गं," सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या. बाळाची दुपटी वाळत घालताना श्रीजाने ते ऐकलं. केरळहून सांगलीला सून म्हणून येऊन तिला दोनच वर्षं झाली होती. आभाळ तिला ठाऊक होतं. पण ते एवढ्या हळहळून कशाला सांगायचं?

तिने नवऱ्याला विचारलं. तो हसला. "आभाळ नव्हे, आबाळ. म्हणजे खाण्यापिण्याकडे, दुखण्याखुपण्याकडे कुणी लक्ष न देणं. हाल होणं."

श्रीजाचा चेहरा उतरला. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सासूबाई महिनाभर खाटेवर होत्या. स्वतः ओली बाळंतीण असूनही त्यांचं जेवण, औषध, शेक, तिने काहीच चुकवलं नव्हतं. मग आबाळ कसली?

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. "आई, मी कुठे कमी पडले?"

"तू?" सासूबाईंना काही उमजेना.

"मावशींना म्हणालात ना, आबाळ झाली."

"अगं, तुझी! तुला आई नाही. मी तुझं बाळंतपण करायचं, तर मीच अंथरूण धरून बसले. एक डिंकाचा लाडू तरी मिळाला का तुला? धड झोप मिळाली?"

श्रीजा बघतच राहिली. असं काही तिच्या मनातही आलं नव्हतं. "नाही हो, मी बरी आहे," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिला रडू कोसळलं. ते कशाचं, तिचं तिलाच कळेना.