तोफेचं तोंड

एकाहत्तरची लढाई जिंकली आणि नगरच्या सुशोभीकरण समितीला सीनेच्या काठची जुनी तोफ आठवली. इतकी वर्षं तिला बनुबाईची म्हैस बांधलेली असायची. आता तिथं बाग होणार होती. तोफ घासली, काळीकुळकुळीत रंगवली, चौथऱ्यावर चढवली. पण तिचं तोंड कुठं करायचं, यावर समिती अडली. नदीकडं केलं तर समोर पाहुण्यांचा मंडप येत होता. किल्ल्याकडं केलं तर आतलं लष्कर काय म्हणेल? शेवटी अध्यक्षांनी शेजारच्या वस्तीकडं बोट दाखवलं.

म्हशीचं दावं हातात धरून उभी असलेली बनुबाई म्हणाली, "सायेब, तिकडं आमची घरं हायेत."

"घाबरू नका, बाई," अध्यक्ष म्हणाले, "उद्घाटनापर्यंत तिथं हिरवळ झालेली असेल."