मंद विस्तवावर

वजीरला साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी भात-भाकरी बंद केली. तेव्हापासून दर रविवारी त्याची बायको झुलेखा मोठ्या जनावराचं स्वस्तातलं मटण आणून मंद विस्तवावर शिजवायची आणि रोज एक उकळी देऊन त्याच्या डब्याला पुरवायची. दार-खिडकी मात्र घट्ट लावून, कारण घरमालक मालोजी माळकरी होते. जमीन कंपनीत गेली, नांगरायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. त्यातलीच ही एक.

आज मटण मऊच पडेना. दुपार कलली तरी शेगडी पेटतीच होती आणि वास काही लपत नव्हता. कडी वाजली. दारात मालोजी उभे होते आणि वजीर घरात नव्हता.

"सकाळधरनं शिजतंय व्हय?" त्यांनी शेगडीकडे पाहत विचारलं.

"ह्यांच्या पथ्याचं आहे, काका." तिनं घाईनं भांड्यावर झाकण ठेवलं. "एवढ्यावरून खोली खाली करायला सांगू नका."

"कालच्या चाकणच्या बाजारातला बैल का?"

"कसाई तसंच म्हणाला. म्हातारा होता म्हणे, शिजतच नाही."

मालोजी उंबऱ्याबाहेर खाली बसले, तेव्हा तिला त्यांच्या हातातलं रिकामं दावं दिसलं.

"शिजू दे, पोरी," ते म्हणाले. "जल्मभर नांगर वढलाय त्यानं. येळ लागणारच."