खिडकीवरचं कुंकू

"हे काय फासलंय?" ऋषिराजनं भिंग डोळ्याला लावलं.

"कुंकू," प्राची म्हणाली. "गोडेतेलात कालवलेलं. आत्या दर खंडेनवमीला लावत्यात."

"चिपला?"

"ट्रॅक्टरला लावायचं, खुरप्याला लावायचं, मग चिपनंच काय घोडं मारलंय, म्हनत्यात."

ऋषिराज हसला नाही. जुन्या यंत्रांच्या चिपा वाचणारा बारामतीत हा एकच माणूस. तोच हसत नाही म्हटल्यावर प्राचीनं वाकून चिपकडे पाहिलं.

निरवांगीला त्यांची डाळिंबाची रोपवाटिका होती. गुट्यांवर, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून काढलेल्या कोवळ्या रोपांवर, धुक्यासारखा फवारा सोडणारं यंत्र सासऱ्यांनी, सोपानरावांनी, तरुणपणी स्वतः जुळवलं होतं. आठ बिटांचा जुना प्रोसेसर, शेजारी ही प्रोग्रामची चिप. फवारा कधी सोडायचा आणि किती, हे सोपानरावांना ठाऊक होतं. ते गेले तेव्हापासून फक्त चिपला.

परवा खंडेनवमीला सासूबाईंनी, सिंधुबाईंनी, यंत्राची पूजा केली आणि दिवस मावळायच्या आत ते बंद पडलं. प्राचीच्या नवऱ्यानं, शिवमनं, बाजारातला टायमर लावून पाहिला. एका कडेच्या गुट्या कुजायला लागल्या, दुसऱ्या कडेच्या सुकायला. ह्या गुट्या गेल्या तर रोपवाटिकेला कुलूपच लागणार होतं.

सकाळी निघताना प्राचीचा तोल सुटला होता. "आत्या, मामांच्या हातची येवढी एकच वस्तू चालू हुती. ती बी तुमच्या कुंकवानं घालवली."

कपाळावरच्या जुन्या गोंदणावरून सिंधुबाईंनी बोट फिरवलं. "त्याचं कुंकू पुसू नगंस," एवढंच म्हणाल्या. "माझं पुसलं. त्याचं ऱ्हाऊ दे."

प्राचीला तेव्हा राग आवरला नाही. तिनं कृषी पदविका केलेली, तिला स्वच्छतेची आवड. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याच्या तोंडावर तिनं यंत्राची पेटी लख्ख केली होती. पेटीचं झाकण कधीच हरवलेलं, त्यामुळे आत काय नव्हतं! कोळ्यांची जाळी, पालीची अंडी, चिकटून बसलेले कपटे, सगळं तिनं खरवडून काढलं. दुसऱ्याच दिवशी सासूनं त्यावर पुन्हा कुंकू थापलं. तेव्हापासून चार वर्षं दर खंडेनवमीला कुंकवावर कुंकू चढत होतं.

"तेलाचा ओघळ चिपच्या पायांपर्यंत आलाय," ऋषिराज म्हणाला. स्पिरिटात बुडवलेल्या ब्रशनं तो चिपचे पाय साफ करू लागला.

"वरचं बी पुसा की."

"आत्ता न्हाय. कुंकवाखाली काचंची खिडकी असती. तिच्यातनं ऊन आत गेलं की लिवलेलं हळूहळू पुसून जातं. म्हणून तिच्यावर कागद डकवत्यात. आधी वाचून घेऊ, मग बघू."

त्यानं चिप वाचायच्या यंत्रात बसवली. लॅपटॉपवर अक्षरं धावली. एफएफ, एफएफ, एफएफ. ओळीच्या ओळी तेच.

"म्हंजे काय?"

"कोरी हाय."

प्राची स्टुलावर बसली. तेवढ्यात शिवमचा फोन आला. "मधल्या वळीनं बी माना टाकल्या. पाईप घेऊन किती फिरू?"

"फिरत ऱ्हावा," ती म्हणाली. "वाचत्यात अजून." कोरी हा शब्द तिच्या तोंडून निघेना. सासूबद्दल मात्र मनात नको नको ते येत होतं.

ऋषिराजनं चिप काढली, एक पाय नखानं सरळ केला आणि परत दाबून बसवली. या वेळी पडद्यावर आकडे आले. एकासारखा दुसरा नाही असे, भराभर.

"आली!" तो खुर्चीत पुढं सरकला. "पाय टेकला नव्हता एक."

मग त्यानं आकड्यांचा अर्थ लावायला घेतला. तो पुटपुटत होता, कागदावर बाण काढत होता, खोडत होता. प्राची त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तुमचे सासरे डोकेबाज व्हते. हे घड्याळावर चालतच न्हाय. तारंचं एक खोटं पान केलंय त्यांनी. ते वाळलं की फवारा, भिजलं की बंद. टायमरनं काय व्हनार!"

"समदं वाचलंय? एक आकडा बी गेला न्हाय?"

"समदं. नव्या चिपवर उतरवून देतो."

"मग बंद कशानं पडलं?"

प्राचीनं सोबत आणलेली यंत्राची पेटी त्यानं उलटी केली. वीज येते त्या जागी एक पाल भाजून चिकटली होती. "हिच्यानं. येवढं भाजलेलं बदललं की झालं. कुंकवाचा काय दोष न्हाय."

प्राचीचा जीव भांड्यात पडला. तिनं शिवमला फोन करून सांगितलं, आणि तो पलीकडे रडतोय की हसतोय ते तिला कळेना. सासूला काय सांगायचं, हे मात्र सुचत नव्हतं. घरी गेल्यावर बघू, असं तिनं ठरवलं.

ऋषिराजनं बोळा स्पिरिटात भिजवला आणि जुन्या चिपवरचं कुंकू पुसलं. पुटावर पूट निघत गेलं आणि खाली काच चमकली.

"कागद कुठाय?" तो म्हणाला.

"कसला?"

"खिडकीवरचा. चंदेरी असतो, नखायेवढा. हितं तर उघडी काच हाय." त्यानं बिनझाकणाच्या पेटीकडे पाहिलं. "ह्या उन्हात दोन-चार वरसं अशी राहिली असती, तर आत एक अक्षर उरलं नसतं. काढला कुणी?"

प्राचीनं आपल्या अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं. त्या दसऱ्याला नखाखाली एक चकचकीत कपटा अडकला होता. तो तिनं फुंकरीनं उडवला होता.

फोन वाजला. सिंधुबाईंचा होता.

"प्राची," त्या भीतभीत म्हणाल्या, "तू पुसलं न्हाईस न्हवं?"