रुजू झाल्याची तारीख

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी थोरलीने फॉर्मवर धाकटीची रुजू तारीख लिहिली आणि खाली सही केली.

युनियनच्या चिटणीसाने बोटांवर महिने मोजले. "नऊ वर्षं सात महिने. पाच महिने कमी पडतात हो, बाई."

हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर युनियनने फॉर्म मांडले होते. तीन वर्षांत मोर्चे झाले, दोनदा संप झाला, तेव्हा कुठे व्यवस्थापन नमलं. ज्या कंत्राटी कामगारांची दहा वर्षं भरली, त्यांना कायम करायचं आणि पेन्शन द्यायची. पण ठेकेदार बदलत गेले होते आणि त्यांची दप्तरं त्यांच्याबरोबर गेली होती. म्हणून सोबतच्या कायम कामगाराने रुजू तारखेची साक्ष द्यायची होती. मुदत आज पाचपर्यंत होती.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. थोरली कायम, धाकटी कंत्राटी. डाग निघत नसला की वॉर्डातून निरोप यायचा, धाकटीला द्या. घरी सासू औषध घ्यायची ती धाकटीच्याच हातून. थोरलीच्या पोरीने लग्न ठरवलं ते आधी काकूला सांगितलं, आईला दोन दिवसांनी. थोरलीकडे एकच गोष्ट होती जी धाकटीकडे नव्हती. आज तीही वाटायला काढली होती.

"पाच महिन्यांनी काय बिघडतंय?" चादरींच्या घड्या घालणारी बाई म्हणाली. "लिहा मागची तारीख. जाऊ आहे तुमची, सवत नाही."

"खोटी साक्ष देऊ?" थोरली म्हणाली. "हिच्या नावाचा बिल्ला निघाला तो याच तारखेला."

धाकटी कोपरापर्यंत ओल्या हातांनी मशीनजवळून आली. "ताईंचं बरोबर आहे. तीच तारीख."

चिटणीस चिवट होता. "कायमची यादी झाली त्या वर्षी ही इथे होती, असं जुन्या सिस्टर म्हणतात. डाग काढणारी बारीक बाई. त्यांना पक्कं आठवतंय."

"त्या ताईच," धाकटी पटकन म्हणाली. "तेव्हा होत्या बारीक."

सगळी लाँड्री हसली. थोरली हसली नाही.

त्या वर्षी थोरली जिन्यावरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हा तीही कंत्राटीच होती आणि कायमच्या यादीसाठी सलग वर्ष भरायला हवं होतं. आठ महिने धाकटी तिचा बिल्ला लावून येत होती, तिच्या नावापुढे हजेरी लावत होती. तेव्हाचा मुकादम कानाडोळा करायचा. पुढे तो वारला. थोरली लंगडत परत आली तेव्हा यादीत तिचं नाव लागलं होतं. मग ठेकेदाराने धाकटीला तिच्या स्वतःच्या नावाचा बिल्ला दिला.

एवढ्या वर्षांत धाकटीने हा विषय काढला नव्हता. भांडणातसुद्धा नाही. एखादा टोमणा मारला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

आणि आज पेन्शनवर पाणी सोडताना ती विनोद करत होती. लोक हसतही होते.

"द्या तो फॉर्म," थोरली म्हणाली.

तिने तारीख खोडली आणि आठ महिने आधीची लिहिली. खोडलेल्या जागी सही केली.

चिटणीसाने वाचलं. "तेव्हा ही तुमच्यासोबत होती?"

"माझ्या जागी होती. माझ्या बिल्ल्यावर. मी घरी प्लास्टरमध्ये होते."

घडीवालीच्या हातातली चादर तशीच राहिली.

"बाई," चिटणीस हळू आवाजात म्हणाला, "हे दिलंत तर हिचं होईल. पण तुमचं कायमपण तपासायला घेतील. तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"ठाऊक आहे."

धाकटीने तिचं मनगट धरलं. "ताई, नका. मला नको ते."

"तुला काही नकोच असतं," थोरली म्हणाली. "तेच तर मला सहन होत नाही."

तिने मनगट सोडवून घेतलं. त्यावर धाकटीच्या बोटांचा साबण राहिला होता. तो तिने पदराला पुसला आणि रोलरवर पुढची चादर चढवली. पाचला तीन मिनिटं असताना चिटणीसाने तो फॉर्म कचेरीत दिला आणि पावती घेतली.

त्या संध्याकाळी थोरली दोन पोळ्या जास्त जेवली. धाकटीने वाढल्या, तरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला धाकटी एकटीच कचेरीत गेली. तिने हाताने लिहिलेला अर्ज दिला. माझ्या जाऊबाईंनी माझ्यावरच्या मायेपोटी खोटी साक्ष दिली आहे, ती धरू नये, त्या आठ महिन्यांत त्या स्वतःच कामावर हजर होत्या, असं त्यात लिहिलं होतं. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला आणि तो कालच्या फॉर्मला टाचला.

दोन्ही कागद चौकशीसाठी वर गेले आहेत. थोरलीला अजून कोणी सांगितलेलं नाही.