एक जून

शितल चौथी आली.

तिसरीच्या आणि तिच्यात वीतभर अंतर असेल. रेघेपलीकडं तिचा बाप मोहनसिंग पाण्याची बाटली घेऊन उभा होता. ती त्यानं परत पिशवीत टाकली. नव्या हिंगोली जिल्ह्याची ही पहिलीच शालेय स्पर्धा, चौदा वर्षांखालच्या पोरींची चारशे मीटर. पहिल्या तिघी पुढं जाणार. चौथीला कोण विचारतं?

"काय रं मोहनसिंग, हरणी म्हनून सांगत व्हतास," दुसऱ्या आलेल्या पोरीचा बाप जळबा हसला. "शेळी निघाली की!"

मोहनसिंगच्या मस्तकात तिडीक गेली. दोन वर्षं तो पोरीला रोज पहाटे औंढ्याच्या रस्त्यावर पळवत होता. ती पुढं, हा मागं सायकलवर. लंगडी बंद, चिंचा बंद. हीच पोरगी एकेकाळी शेळ्यांमागं पळताना अशी खिदळायची की सारा तांडा बघत राहायचा. आता शर्यतीआधी तिला ओकारी यायची.

"सांगितलं व्हतं ना? नंबर आला तर शाळा. न्हाईतर यंदा आमच्यासंगं ऊसतोडीला."

"बा, त्या पोरी लय मोठ्या हायेत."

"दर बारीला हेच रडगाणं! तुझ्याच वयाच्या हायेत समद्या. कागद बघून घेत्यात."

शितलनं तोंडावर हात धरला. बोटांतून रक्त ओघळलं. खेळ शिकवणाऱ्या जाहेदा मॅडम धावत आल्या.

"दात आवळून पळत होतीस ना, बेटा?"

तिनं मूठ उघडली. आत एक दाढ होती. इवलीशी, मुळं झिजलेली.

मॅडमनी ती दाढ उचलून उजेडात धरली. "भाऊ, ही तर दुधाची. माझ्या महेजबीनची अशीच मागच्या महिन्यात पडली. ती अकराची आहे. तुमची कागदावर तेराची. खरं किती?"

मोहनसिंगच्या डोळ्यांपुढं सात वर्षांमागचा तांडा आला. ऊसतोडीची गाडी दारात उभी. आदल्या साली फडात, पाचटावर निजलेली ही पोरगी बैलगाडीखाली येता येता वाचली होती. यंदा न्यायची नाही, म्हातारीजवळ ठेवायची, शाळेत घालायची, एवढंच त्याला कळत होतं. गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण पाहिजेत. चार वर्षांच्या लेकराचा हात धरून तो म्हणाला होता, "मग सहाच लिवा की." साऱ्या तांड्यातल्या पोरांना गुरुजी जी जन्मतारीख लावायचे तीच त्यांनी तिलाही लावली, एक जून. पुढं तो ते विसरलाही. कागदावरचं वयच खरं वाटू लागलं.

"अकरा," तो पुटपुटला. "आता बदलता न्हाई येनार, मॅडम?"

"आता कोण ऐकतं? पुढच्या साली तर ही चौदा पूर्ण. मग सतरा वर्षांखालच्या पोरींत पळावं लागेल."

मोहनसिंग खालीच बसला. त्यानं पिशवीतून बाटली काढली, पण झाकण काही फिरेना. शितलनं ती हातातून घेतली, उघडली, चूळ भरली. मग छातीवर लावलेल्या नंबराच्या फडक्यानं तिनं बापाचे डोळे पुसले.

"रडू नको ना बा," ती म्हणाली. "पुढच्या साली मी बी मोठी होईन."