शोधपथकाचं सामान

डोंगरात गेलेला भाऊ चार दिवस बेपत्ता होता, तरी बाबांनी तिचा धडा चुकवला नाही. हेलिकॉप्टरच्या लांब दोरीला टांगलेलं ओझं न झुलवता खाली ठेवायला ते तिला महिनाभर शिकवत होते. "आज कड्यावरून शोधपथकाचं सामान आणायचंय. धक्का लागता कामा नये," शेजारच्या सीटवरून ते म्हणाले. तिने ताडपत्रीत बांधलेलं ते गाठोडं गवतावर अलगद टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी तिची पाठ थोपटली. इंजिन बंद करून ती खाली उतरली, तेव्हा आई त्या गाठोड्याला मिठी मारून बसली होती.

"तुम्ही स्वतः का नाही आणलंत त्याला?" तिने कसंबसं विचारलं.

"आत कोण आहे ते मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "माझा हात थरथरला असता."